दुसऱ्याच्या कातड्यातलं कोकरू

धुळाजीला मेंढ्या नुसत्या आवाजावरून ओळखू येत, आणि त्याचा त्याला माज होता. असू दे म्हणा, माज करण्यासारखं त्याच्याकडं दुसरं होतंच काय. वडवणीच्या पुढं, डोंगराच्या कडेला धनगरांची चार-दोन घरं, त्यातलं एक त्याचं. संध्याकाळी कळप परत आला की दिवसभर घरी ठेवलेली कोकरं आणि त्यांच्या आया एकदमच ओरडायला लागत. नवख्या माणसाचं डोकं उठावं असा तो कालवा. धुळाजी मात्र ओट्यावर तंबाखू मळत बसल्या जागेवरून सांगायचा, कानतुटकीचं पिल्लू तिकडं काट्यात अडकलंय, सोडा त्याला. जाऊन बघावं तर तसंच असायचं. आजूबाजूच्या गावांत त्याच्या कानाचं नाव होतं, आणि ते नाव सगळ्यांत जास्त तो स्वतःच घेत असे.

आणखी एक काम त्याच्याइतकं कुणाला साधत नसे. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरं एखादं आईवाचून उरलं, की धुळाजीला बोलावणं यायचं. मेलेल्या कोकराचं कातडं तो हलक्या हातानं सोलून काढायचा आणि अंगरख्यासारखं त्या पोरक्या कोकराला बांधायचा. मेंढी यायची, हुंगायची, परत हुंगायची आणि कासेला लागू द्यायची. चार-आठ दिवसांनी कातडं काढलं तरी चालायचं. मेंढीला अक्कल नसते, नाकानं तिला कसंही फसवावं, असं धुळाजी म्हणायचा. त्याची बायको ताराबाई यावर दर वेळी नाक मुरडायची. तिचं म्हणणं असं, की मेंढीला पहिल्याच हुंगण्यात सगळं कळतं. पण कास दाटलेली असते, ठणकत असते, म्हणून ती फसल्यासारखं करते. नवरा-बायकोचं हे भांडण लग्न झाल्यापासून चाललं होतं आणि ते मिटवायची घाई दोघांनाही नव्हती.

त्यांचा एकुलता एक मुलगा परमेश्वर परळीला असायचा. मेंढरांमागं हिंडायचं नाही म्हणून तो घर सोडून गेला, वीजकेंद्राच्या राखेचे टिपर चालवू लागला आणि पुढं स्वतःच राखेच्या धंद्यात पडला. वीटभट्टीवाले, ड्रायव्हर, दलाल, सगळे दिवसभर फोनवरून त्याच्या कानाला चिकटलेले. तिशी उलटली तरी लग्न जमत नव्हतं, आणि घरी पाऊल टाकलं की तोच विषय निघायचा, म्हणून तो येईनासा झाला. फोनही उचलायचा नाही. उचललाच तर कामात आहे, मग लावतो, एवढं बोलून ठेवून द्यायचा, आणि तो ‘मग’ काही उगवायचा नाही. दिवेलागणीला धुळाजी फोन लावून बसायचा आणि रिंग वाजून वाजून थांबायची.  भाकरी थापताना ताराबाईचा हात जोरात पडायचा.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला काय झालं कोण जाणे, परमेश्वर फोन उचलायला लागला. तोही पहिल्याच रिंगला. आबा, जेवलाव का, म्हणून विचारायला लागला. मायचा गुडघा कसा आहे, कानतुटकी व्याली का, विहिरीला पाणी किती आहे, सगळ्याची चौकशी करायला लागला. धुळाजी सांगत सुटायचा आणि पोरगं त्याला मधेच तोडायचं नाही. म्हाताऱ्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जुन्या गोष्टी तो पुन्हा पुन्हा उगाळायचा. वाघ्या कुत्र्यानं परमेश्वरच्या डाव्या पोटरीचा लचका कसा तोडला, त्यात हळद कशी भरली, आणि पोरगं हूं की चूं न करता कसं बसून राहिलं, हे तर त्यानं कितीदा सांगितलं असेल. पलीकडून परमेश्वर प्रत्येक वेळी हसायचा, पहिल्यांदाच ऐकतोय असं.

ताराबाईनं थोडे दिवस फोन कानाला लावला. मग एकदा बोलता बोलता तिनं तो नवऱ्याच्या हातात परत दिला, तुमीच बोला म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. त्यानंतर तिनं त्या फोनला हात लावला नाही. धुळाजीला वाटलं, रुसली असेल. बायकांचं काय सांगावं, असं तो मनाशी म्हणाला.

श्रावणात ताराबाईचं पोट फुगायला लागलं आणि डोळे हळदीसारखे पिवळे झाले. धुळाजीचा चुलत पुतण्या आसाराम शेजारीच राहायचा. त्यानं जीप बोलावली आणि दोघांना बीडला नेलं. तिथल्या डॉक्टरनं सगळं तपासलं, धुळाजीला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आता घरी न्या, मागतील ते खायला द्या. याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. परतीच्या वाटेवर धुळाजीनं तिला काय खावंसं वाटतंय असं विचारलं. 

“खायला काय न्हाई पायजे,” ती म्हणाली. “एकदा परम्याला बघायचंय.”

त्याच संध्याकाळी धुळाजीनं फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. परमेश्वर अगदी शहाण्यासारखं बोलला. मायला जपा, तुम्हीही जपा, या ऐतवारी येतो म्हणाला. ऐतवार आला आणि गेला. पुढच्या ऐतवारी इकडचं जरा आवरायचं राहिलंय म्हणाला. धुळाजी रोज सांगायचा, आज तिनं पाणीसुद्धा नको म्हटलं, आज तिचा पाय सुजलाय, आज तिनं तुझं नाव घेतलं. पोरगं रोज हळहळायचं आणि रोज येतो म्हणायचं. ताराबाई खाटेवर पडल्या पडल्या दाराकडं तोंड करून झोपायची. कूस बदलून दिली तरी थोड्या वेळानं पुन्हा दाराकडंच वळलेली असायची.

आसारामला यात कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटायला लागलं. एके दिवशी मेंढरांना पाणी दाखवताना तो भीत भीत बोलला. परमेश्वर त्याचा फोन दहादा लावला तरी उचलत नाही, आणि काकाचा पहिल्या रिंगला कसा उचलतो? वडवणीच्या मोबाइलवाल्यानं त्याला सांगितलं होतं की आता यंत्रं माणसाच्या आवाजात बोलतात. माणसाचा आवाज थोडा वेळ ऐकवला की पुरे, मग ते त्याच्यासारखंच बोलतं, हसतं, इकडचं तिकडचं विचारतं. समोरच्याला पत्ता लागत नाही. मी माझ्या फोनवरून त्याला परत परत लावून बघतो, नाहीतर सरळ परळीला जाऊन येतो, असं आसाराम म्हणाला.

“माझ्या लेकराची पारख आता तू करणार व्हय बे?” धुळाजी म्हणाला. “शंभर मेंढरांत एक आवाज वळखतो मी.”

आसाराम मेंढरं हाकत पुढं निघाला. पण शंका एकदा कानात शिरली की निघत नाही. धुळाजीनं मनाशी ठरवलं की आपणच परीक्षा घ्यायची. माणूस की यंत्र हे ओळखायला शहरातल्या लोकांनी काय काय काढलं असेल, ते त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याची गरजही वाटली नाही. त्याला त्याचा कान पुरेसा होता.

पहिला प्रश्न त्यानं नीट योजून विचारला. वाघ्या तुला कुठं चावला होता, हे फक्त घरच्याच माणसाला माहीत. पलीकडून लगेच उत्तर आलं, डाव्या पोटरीला, आणि तुमीच हळद भरलती. धुळाजीचा चेहरा फुलला. ही गोष्ट आपणच त्या फोनला उन्हाळाभर ऐकवलीय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं की मुंजाजीमामा तुला विचारत होता. या मामाशी परमेश्वरचं जमिनीच्या बांधावरून असं वाजलं होतं की त्याचं नाव काढलं तरी पोरगं उठून जायचं. फोन म्हणाला, मामाला रामराम सांगा, त्यांना जपून ऱ्हा म्हणावं. खरं तर इथंच काय ते कळायला हवं होतं. पण धुळाजीला वाटलं, माय आजारी पडली आणि पोरगं निवळलं. असं वाटून घेण्यात त्याला बरं वाटत होतं, म्हणून त्यानं तसं वाटून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मात्र तो चिडला. ताराबाईनं सकाळपासून डोळे उघडले नव्हते. धुळाजीनं फोन लावला आणि आयुष्यात कधी बोलला नव्हता तसं बोलला. तुझ्या मायचा जीव तुझ्यात अडकलाय आणि तू राख विकत बसलास, तुला लाज कशी वाटत न्हाई, असं तो म्हणाला. पलीकडं एकदम शांतता पसरली. परमेश्वर लहानपणी रागावल्यावर असाच गप्प व्हायचा, मान खाली घालून, रडायचाही नाही. धुळाजी श्वास रोखून ऐकत राहिला. बऱ्याच वेळानं आवाज आला.

“आबा, चुकलं माझं.”

धुळाजीचा जीव भांड्यात पडला. यंत्र कशाला गप्प बसेल? गप्प बसायला आत काहीतरी दुखावं लागतं. ती शांतता कुठून आली होती ते आता कोण सांगणार. त्या डोंगराच्या कडेला रेंज येते-जाते, हे तर तिथल्या शेरडालासुद्धा माहीत आहे. पण धुळाजीनं निकाल देऊन टाकला होता. तो आत जाऊन ताराबाईच्या उशाशी बसला आणि तिला म्हणाला की पोरगं चुकलं म्हणालं, आता येईल.

ताराबाईनं डोळे उघडले. “परम्या म्हणला असं?”

“हां. लई येळ गप ऱ्हायला, मग म्हणला.”

“मग त्यो न्हवं,” ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

धुळाजीला राग आला. मरणाच्या दारातसुद्धा बाई पोराला नावं ठेवते, असं त्याला वाटलं. बाहेर येऊन त्यानं आसारामला हे सांगितलं. आसाराम ताराबाईजवळ गेला आणि मी परळीला जाऊन त्याला घेऊन येतो म्हणाला. तिनं मान हलवून नको म्हटलं. ज्याला यायचंय त्याला ओढून आणावं लागत नाही, एवढंच ती पुटपुटली. आई आणि बाप, दोघंही आपापल्या जागी हट्टाला पेटलेले. मधल्यामध्ये त्या पोराला, जो खराखुरा पोरगा होता त्याला, कुणीच काही सांगितलं नाही.

दोन-तीन दिवसांनी उजाडता उजाडता ताराबाई गेली. तोंड दाराकडंच होतं.

धुळाजीनं आधी फोन लावला. तुझी माय गेली, एवढं त्यानं सांगितलं. पुन्हा तीच शांतता, आणि मग परमेश्वरचा भरलेला आवाज. आबा, धीर धरा, मी निघालोय. धुळाजीनं जमलेल्या लोकांना सांगितलं की पोरगं निघालंय, दुपारपर्यंत पोचतंय. पोटचा पोरगा असताना दुसऱ्यानं अग्नी कसा द्यायचा? बायकांनी ताराबाईला न्हाऊ घातलं, कुंकू लावलं. लाकडं रचून ठेवली. पावणेरावळे आले, झाडाखाली बसले. सगळ्यांनी थांबायचं ठरवलं.

दुपारी त्यानं परत फोन लावला. सिरसाळ्यापर्यंत आलास का, असं विचारलं. हां आबा, सिरसाळा मागं टाकलं, असं उत्तर आलं. धुळाजीनं मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं. आणखी थोड्या वेळानं त्यानं विचारलं, तेलगाव आलं का. हां आबा, तेलगावातच हाय. मग काय, आता आलाच, असं म्हणून चार माणसं फाट्यावर जाऊन उभी राहिली. रस्त्यावर एसट्या गेल्या, जीपा गेल्या, उसाचं बेणं घेऊन ट्रॅक्टर गेला. उन्हं कलायला लागली. माश्या यायला लागल्या, तसं बायकांनी ताराबाईच्या तोंडावरून पदर ओढून घेतला. एक म्हातारी स्पष्टच म्हणाली की आता मातीचे हाल करू नका.

आसारामला राहवेना. काकाला न विचारता त्यानं स्वतःच्या फोनवरून परमेश्वरला लावलं. एकदा लावलं, दोनदा लावलं. वाजून वाजून रिंग थांबली. तो लावतच राहिला. शेवटी फोन उचलला गेला. आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून त्यानं तो मोठा केला. मागं कुठंतरी गाडीचं इंजिन धडधडत होतं.

“काय बे आसाराम, कावून सारखा फोन लावायलास?”

“कुठवर आलास?”

“कुठं?”

 धुळाजी ओट्यावर बसला होता. आवाज तोच होता, पण चिडका, घाईतला, तोडून टाकणारा. सहा महिने हा आवाज त्यानं ऐकला नव्हता आणि तो ऐकताक्षणी त्याला खूण पटली. हाच आपला पोरगा. असं पटण्याची ती वेळ होती का, पण पटलं ते तेव्हा. आसारामनं परमेश्वरला काय झालं ते सांगितलं. तो नांदेडला होता. तेवढ्यावर फोन बंद झाला.

दिवस मावळायच्या आत धुळाजीनं स्वतःच्या हातानं ताराबाईला अग्नी दिला.   सगळी वस्ती दिवसभर एका यंत्राची वाट बघत बसली होती आणि ताराबाई तशीच पडून राहिली होती, हे प्रत्येकाला कळलं होतं. परतताना कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यानं हळूच बाजूला केला.

घरी आला तेव्हा मेंढरं परतली होती आणि कोकरं सोडायला कुणी नव्हतं. ओरडून ओरडून त्यांनी वाडा डोक्यावर घेतला होता. धुळाजीनं त्यांना सोडलं. त्याच आठवड्यात एका मेंढीचं पिल्लू मेलं होतं आणि त्यानं त्याचं कातडं दुसऱ्या पिल्लाला बांधलं होतं. ते सुटून धावलं आणि मेंढीच्या कासेला भिडलं. मेंढीनं त्याला हुंगलंसुद्धा नाही. ती मान वर करून समोर बघत उभी राहिली आणि दूध देत राहिली. धुळाजी तिच्याजवळ खाली बसला. तिला कळत होतं. पहिल्या दिवसापासून कळत होतं. हे सांगून भांडण मिटवावं तर आता घरात कुणी नव्हतं, आणि या विचारासरशी तो पहिल्यांदा ढसाढसा रडला.

रात्री परमेश्वर आला तेव्हा लोक अजून अंगणात बसलेले होते. पायातलं काढायचंसुद्धा त्याला सुचलं नाही. बापापुढं उकिडवा बसून तो अडखळत सांगू लागला. राखेच्या धंद्यात सगळ्यांनीच ते बोलणारं यंत्र घेतलंय. ड्रायव्हर, भट्टीवाले दिवसभर डोकं खातात, त्यांच्याशी ते बोलतं. आबा, तुमचा फोन उचलणं मला व्हायचं न्हाई, तुमी वाट बघत बसता, म्हणून तुमचा नंबर बी त्यातच टाकला. वाटलं, तुमाला कुणीतरी बोलायला मिळंल.

“मी रोज सांगत हुतो,” धुळाजी म्हणाला.

“ते सगळं त्यात साठून ऱ्हातं. मी कधी उघडून बघितलंच न्हाई.”

धुळाजीनं आवाज चढवला नाही. तुझ्या मायचा जीव तुझ्यात अडकला होता, असं तो म्हणाला, दारातून तिनं नजर काढली नाही. परमेश्वरची मान खाली गेली. तो गप्प झाला. लहानपणी व्हायचा तसाच, न रडता. धुळाजी त्याच्या तोंडाकडं न बघता डोळे मिटून, कान देऊन बसून राहिला. बऱ्याच वेळानं पोरगं बोललं.

“आबा, चुकलं माझं.”

तोच आवाज. तेवढाच वेळ गप्प राहणं. तेच शब्द. शंभर मेंढरांत एक आवाज ओळखणाऱ्या धुळाजीनं त्यात काहीतरी वेगळं सापडतंय का, म्हणून जीव एकवटून ऐकलं. त्याला काहीच सापडलं नाही. त्यानं डोळे उघडले आणि समोर बसलेल्या आपल्या मुलाकडं परक्यासारखं बघितलं.

“हे तर त्यानं बी म्हणलतं,” तो म्हणाला आणि उठून कोकरं कोंडायला गेला.